कॅमेऱ्याच्या दोन्ही बाजूंना

२००६ या एकाच वर्षी मराठीत दोन चित्रपट आले. अमोल पालेकर यांच्या 'थांग'मध्ये एका सुखवस्तू घरातल्या बाईला कळतं की आपल्या नवऱ्याचं दुसऱ्या पुरुषावर प्रेम आहे. चित्रा पालेकर यांच्या 'माती माय'मध्ये एका बाईला तिच्याच माणसांनी अभद्र ठरवून वस्तीबाहेर काढलं आहे. पहिल्या चित्रपटात समलिंगी प्रेमाचा विषय उघडपणे मांडलेला आहे, दुसऱ्यात त्याचा उल्लेखही नाही. तरीही हे पुस्तक लिहायला बसल्यावर मी पुन्हा पुन्हा दुसऱ्या चित्रपटाकडे आणि तो करणाऱ्या बाईंकडे वळत राहिले. त्याचं कारण पुढे येईल.

अभिनय करता करता दिग्दर्शनाकडे गेलेल्या स्त्रिया आणि मराठी रंगभूमी-चित्रपटात दिसलेली क्विअर आयुष्यं, अशा दोन वाटांचं हे पुस्तक आहे. या दोन वाटांवर स्वतंत्रपणे बरंच लिहून झालं आहे. त्या एकमेकींना कुठे भेटतात याकडे मात्र मराठीत फारसं कुणी पाहिलेलं नाही. जगात अन्यत्र या भेटीला एक चेहरा आहे: स्वतःला उघडपणे क्विअर म्हणवणारी नटी पुढे स्वतःचे चित्रपट करते. आपल्याकडे पूर्ण लांबीच्या चित्रपटात त्या चेहऱ्याला अजून ठळक रूप आलेलं नाही. ते का आलं नाही आणि त्याची पूर्वतयारी कुणी करून ठेवली, हे समजून घेण्यासाठी हा सगळा खटाटोप आहे.

सुरुवात रंगभूमीपासून करायला हवी. बालगंधर्वांच्या शालूची नक्कल घरंदाज बायका करत, हे आपण कौतुकानं सांगतो. पुरुषाच्या अंगावर स्त्रीचं रूप इतकं शोभलं की स्त्रियांनीच ते आदर्श मानलं, ही गोष्ट महाराष्ट्रानं शंभर वर्षांपूर्वी पचवली होती. दादासाहेब फाळक्यांच्या 'राजा हरिश्चंद्र'मध्ये १९१३ साली तारामती झाले अण्णा साळुंके. त्याच वर्षीच्या 'मोहिनी भस्मासुर'मध्ये दुर्गाबाई कामत आणि त्यांची मुलगी कमलाबाई पडद्यावर आल्या आणि बाईची भूमिका बाईनं करण्याला सुरुवात झाली. याच कमलाबाई गोखल्यांनी पुढे रंगभूमीवर पुरुषांच्या भूमिकाही केल्या. रीना मोहन यांनी १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला त्यांच्यावर केलेला माहितीपट मिळाला तर जरूर पाहावा. म्हातारपणीही त्यांच्या बोलण्यात रंगमंचाचा तोरा शाबूत आहे.

या इतिहासावरून 'आपली संस्कृती आधीपासूनच उदार होती' असा निष्कर्ष काढायचा मोह होतो. मला तो मान्य नाही. प्रेक्षकांनी वेशांतर स्वीकारलं ते पडदा पडेपर्यंत. पडदा पडल्यावर त्या नटाच्या मनात काय चाललं आहे हे विचारायची सोय नव्हती आणि विचारलं असतं तरी उत्तर द्यायला भाषा नव्हती. तमाशातल्या नाच्यानं याची जास्त किंमत मोजली. आनंद यादवांची 'नटरंग' आणि तिच्यावरून रवी जाधव यांनी केलेला चित्रपट ज्यांनी पाहिला आहे, त्यांना ही किंमत वेगळी सांगायला नको. बालगंधर्वांना मिळालेला मान आणि गावोगावच्या नाच्याची झालेली हेटाळणी एकाच समाजातून आली, आणि त्यांच्यामधलं अंतर जातीचं व वर्गाचंही होतं.

नट्यांच्या बाबतीत आणखी एक गोष्ट घडली. दिग्दर्शनाची खुर्ची मिळण्याआधी त्यांनी लेखणी हातात घेतली. हंसा वाडकरांचं 'सांगत्ये ऐका', दुर्गा खोटे यांचं 'मी, दुर्गा खोटे', शांता हुबळीकरांचं 'कशाला उद्याची बात' ही आत्मकथनं आपण सिनेमाच्या आठवणी म्हणून वाचतो. मला ती दिग्दर्शनाची पहिली पायरी वाटतात. आयुष्यभर दुसऱ्यांनी जिला कसं उभं राहायचं, कुठे बघायचं, केव्हा रडायचं हे सांगितलं, ती इथे पहिल्यांदा स्वतः ठरवते की कोणता प्रसंग दाखवायचा आणि कोणता वगळायचा. हंसाबाईंनी तर घरातलं आणि स्टुडिओतलं असं काही उघडं केलं की श्याम बेनेगलांना त्यातून १९७७ साली 'भूमिका' सापडला.

खुर्ची मिळायला वेळ लागला. दुर्गा खोटे यांनी तिसाच्या दशकात 'साथी'ची निर्मिती केली, पण तो अपवाद होता. 'रंगायन'मधून आधुनिक मराठी रंगभूमी घडवणाऱ्या विजया मेहतांनी 'रावसाहेब' आणि 'पेस्तनजी' केले. 'रावसाहेब'मधल्या भूमिकेसाठी त्यांना अभिनयाचं राष्ट्रीय पारितोषिकही मिळालं. स्मिता तळवलकर वृत्तनिवेदिका आणि अभिनेत्री म्हणून घराघरांत पोचल्या, निर्माती झाल्या आणि मग 'सवत माझी लाडकी'चं दिग्दर्शन केलं. रेणुका शहाणे यांनी आईच्या, म्हणजे शांता गोखले यांच्या, कादंबरीवरून २००९ मध्ये 'रीटा' केला. मृणाल कुलकर्णी यांनी २०१३ पासून स्वतःचे चित्रपट दिग्दर्शित केले. ही यादी मोठी आहे आणि तिच्यात सगळ्या गुणवत्तेची कामं आहेत. या जवळजवळ सगळ्यांनी विवाहित स्त्रीचं घर हा विषय आतून, बारकाईनं उकलला. घराच्या चौकटीत न मावणारं प्रेम मात्र त्यांच्या चित्रपटांत फारसं आलं नाही.

ते आलं बहुतांशी पुरुषांच्या कामातून.

र. धों. कर्वे यांचं 'समाजस्वास्थ्य' मासिक १९२७ ते १९५३ असं चाललं. वाचकांच्या लैंगिक प्रश्नांना दिलेल्या उत्तरांवरून त्यांच्यावर खटला झाला, तेव्हा १९३४ मध्ये बाबासाहेब आंबेडकर त्यांची बाजू मांडायला उभे राहिले. मराठीत या विषयावर सभ्यपणे, शास्त्राच्या आधारानं बोलता येतं हे तिथे सिद्ध झालं. तरी रंगभूमीवर यायला १९८१ उजाडलं. विजय तेंडुलकरांच्या 'मित्राची गोष्ट'मध्ये रोहिणी हट्टंगडी यांनी सुमित्रा उभी केली. स्वतःच्या ओढीशी झगडणारी, हट्टी, दुसऱ्या मुलीवर जीव टाकणारी आणि त्यासाठी दुसऱ्यांना वापरायलाही मागेपुढे न पाहणारी ही मुलगी आहे. तेंडुलकरांनी तिला बिचारी केलं नाही, हे त्यांचं मोठेपण. पण शेवटी तिला जगूही दिलं नाही. पुढच्याच वर्षी आलेल्या जब्बार पटेलांच्या 'उंबरठा'त महिलाश्रमातल्या दोघींचं नातं दिसतं, पण ते संस्थेच्या कारभारातली एक अडचण म्हणून. पटकथा पुन्हा तेंडुलकरांचीच. अमोल पालेकरांच्या हिंदी 'दायरा'नं १९९०च्या दशकात लिंगभावाची अदलाबदल धीटपणे मांडली: सोनाली कुलकर्णी पुरुषवेशात, निर्मल पांडे स्त्रीवेशात. पांडे यांना फ्रान्समधल्या एका महोत्सवात चक्क अभिनेत्रीचं पारितोषिक मिळालं. मग 'थांग'. मग २००९ चा राजीव पाटील यांचा 'जोगवा', ज्यात उपेंद्र लिमये यांनी देवीला सोडलेला जोगता केला.

या सगळ्या कलाकृतींबद्दल मला आदर आहे आणि त्यांच्याशिवाय आज आपण इथपर्यंत आलो नसतो. पण सलग पाहिल्यावर त्यांच्यातली एक खोड लक्षात येते. सुमित्रा मरते. आश्रमातल्या दोघी संस्थेची डोकेदुखी होतात. 'थांग'चं दुःख बायकोचं आहे, आणि नवऱ्याचं प्रेम आपल्याला तिच्या जखमेतूनच दिसतं. म्हणजे क्विअर माणूस कथेत आहे, पण कथा त्याच्या किंवा तिच्या मालकीची नाही. सहानुभूतीनं पाहणं आणि स्वतः पाहणं यांत हा फरक राहतो. मला या पुस्तकात सांगायचं आहे ते एवढंच, आणि ते पटवण्यासाठी बाकी सगळं आहे.

'थांग'बद्दल एक गोष्ट इथेच नोंदवते. त्यात बायकोच्या भूमिकेत मृणाल कुलकर्णी होत्या आणि सोबत विजया मेहता. एक दिग्दर्शिका होऊन गेलेली, दुसरी काही वर्षांनी होणारी. मराठीत दोन्ही वाटा एका चौकटीत आल्या त्या अशा, दोघीही कॅमेऱ्यासमोर असताना.

आता 'माती माय'कडे. चित्रा पालेकर सत्यदेव दुबे यांच्या काळातल्या प्रायोगिक रंगभूमीवरच्या अभिनेत्री. 'आक्रीत'मध्ये त्यांनी काम केलं आणि 'थोडासा रूमानी हो जायें'च्या लेखनात त्यांचा वाटा होता. दिग्दर्शिका म्हणून त्यांनी महाश्वेता देवींची 'बायेन' निवडली. मेलेल्या लहान मुलांना पुरण्याचं काम वंशपरंपरेनं आलेली चंडी स्वतः आई होते. त्यानंतर तिला ते काम करवत नाही आणि गाव तिच्यावर उलटतं. तिची नजर पडली तर अनिष्ट घडतं म्हणून तिला नवऱ्यापासून, पोटच्या मुलापासून तोडून लांब टाकतात. मुलगा मोठा होतो तो आपली आई कोण हे न कळता.

चंडीला दिलेली शिक्षा काय आहे ते पाहा: तिनं कुणाकडे बघायचं नाही. आणि ही गोष्ट निवडली एका नटीनं, जिनं उमेदीची वर्षं दुसऱ्यांच्या नजरेसमोर काढली. एकदा फक्त डोळ्यांकडे लक्ष ठेवून हा चित्रपट पाहावा. नंदिता दास यांनी मान किती खाली घातली आहे, डोळे कधी उचलले आहेत, मुलाकडे बघताना शरीर कसं आक्रसून घेतलं आहे, यातच सगळी गोष्ट सांगून होते. हे बारकावे ज्या दिग्दर्शिकेनं बसवले, तिला पाहिलं जाणं म्हणजे काय हे आतून ठाऊक होतं.

चित्राताईंच्या कामाची दुसरी बाजू पडद्याबाहेरची आहे. आपली मुलगी समलिंगी आहे हे त्यांनी जाहीरपणे, अभिमानानं सांगितलं. दिल्ली उच्च न्यायालयानं २ जुलै २००९ रोजी समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणाऱ्या कलम ३७७ ची धार काढून घेतली. त्या निकालाच्या बाजूनं जे पालक सर्वोच्च न्यायालयात गेले, त्यांत त्या होत्या. ११ डिसेंबर २०१३ ला सर्वोच्च न्यायालयानं तो निकाल उलटवला, तरी त्या बोलत राहिल्या. पुढे 'स्वीकार' हा पालकांचा गट उभा करणाऱ्यांतही त्या होत्या. क्विअर मुलांच्या आईबापांशी त्या ज्या साध्या मराठीत बोलतात, ती मला दहा परिसंवादांहून मोलाची वाटते. स्वतः क्विअर नसलेली, अभिनेत्रीची दिग्दर्शिका झालेली ही बाई या विषयाच्या सगळ्यात जवळ उभी आहे, असं माझं मत आहे.

नंदिता दास यांचा प्रवासही याच धाग्यातला. दीपा मेहतांच्या 'फायर'मधली सीता त्यांनीच केली होती. तो चित्रपट १९९८ च्या अखेरीस भारतात लागला आणि २ डिसेंबरला गोरेगावच्या सिनेमॅक्समध्ये शिवसैनिकांनी खेळ बंद पाडला, तोडफोड केली. त्या गदारोळातून देशभरच्या समलिंगी स्त्रिया पहिल्यांदा फलक घेऊन रस्त्यावर आल्या. मुंबईत 'स्त्री संगम'सारखा गट त्याआधीच काम करत होता, पण 'फायर'नंतर हा विषय वर्तमानपत्राच्या पहिल्या पानावर आला. सीता केलेली ही अभिनेत्री 'माती माय'मध्ये चंडी झाली आणि दोनच वर्षांनी 'फिराक' घेऊन स्वतः दिग्दर्शनात उतरली. पुढे 'मंटो' आणि 'झ्विगाटो' आले. पडद्यावर जिच्या प्रेमावर दगड पडले, तिनं पुढे दंगलीनंतरच्या शहराची गोष्ट सांगावी, यात मला एक सरळ संगती दिसते.

बाहेरच्या जगाकडे थोडक्यात पाहू. लिओंटिन सागान या नटीनं १९३१ मध्ये जर्मनीत 'मेडशेन इन युनिफॉर्म' केला. मुलींच्या वसतिगृहातलं एका विद्यार्थिनीचं शिक्षिकेवरचं प्रेम, आणि पडद्यावर एकही पुरुष नाही. अमेरिकेत शेरिल ड्युन्ये यांनी १९९६ च्या 'द वॉटरमेलन वुमन'मध्ये स्वतःच नायिका होऊन जुन्या सिनेमातल्या एका विस्मृत कृष्णवर्णीय नटीचा शोध घेतला. ती नटी काल्पनिक होती. तिची छायाचित्रंसुद्धा चित्रपटासाठी खास तयार केली होती, कारण खऱ्या नट्यांच्या खुणा कुणी जपल्याच नव्हत्या. निशा गणात्रा यांचा 'चटनी पॉपकॉर्न' आपल्याला जास्त ओळखीचा वाटेल: भारतीय घर, लेकरू हवं असलेली बहीण, मुलीवर प्रेम करणारी नायिका आणि गोंधळलेली आई. नायिका आणि दिग्दर्शिका एकच.

या विषयाकडे पाहण्याच्या तीन मुख्य तऱ्हा वाचकाला माहीत असलेल्या बऱ्या. पहिली स्त्रीवादी समीक्षेची. लॉरा मल्वी यांनी १९७५ मध्ये पडद्यावरच्या पुरुषी नजरेची मांडणी केली आणि 'पाहतं कोण' हा प्रश्न कायमचा टेबलावर आला. दुसरी क्विअर समीक्षेची. रूथ वनिता आणि सलीम किदवई यांनी २००० साली भारतीय साहित्यातल्या समलिंगी प्रेमाचा संग्रह काढला, शोहिनी घोष यांनी 'फायर'वर आख्खं पुस्तक लिहिलं. तिसरी चळवळीतून आलेली. अशोक राव कवी यांचं 'बॉम्बे दोस्त' हे नियतकालिक आणि 'हमसफर' ही संस्था, पुण्यात बिंदुमाधव खिरे यांनी २००२ मध्ये सुरू केलेला समपथिक ट्रस्ट, २०१० पासून भरणारा मुंबईचा 'कशिश' महोत्सव हे तिचे टप्पे. मराठी वाचकाला सगळ्यात जवळची ही तिसरी तऱ्हा, कारण खिरे यांनी मराठीत, घरच्या भाषेत लिहिलं. चेतन दातार यांच्या 'एक माधवबाग'चे प्रयोग मोना आंबेगावकर यांनी ठिकठिकाणी केले, तेही याच परंपरेत येतात. आईनं मुलाची डायरी वाचण्याची ती गोष्ट अनेक घरांत पहिल्या संभाषणाचं निमित्त ठरली असणार. मी तिन्हींकडून घेतलं आहे. पण पहिल्या दोहोंची परिभाषा जिथे वाचकाला अडवेल तिथे ती सोडून दिली आहे.

हे पुस्तक आता का, या प्रश्नाचं उत्तर देताना ६ सप्टेंबर २०१८ ही तारीख सांगावीच लागते. त्या दिवशी समलिंगी संबंध गुन्हा राहिले नाहीत. १७ ऑक्टोबर २०२३ ला सर्वोच्च न्यायालयानं विवाहाचा हक्क द्यायला नकार दिला, हेही तितकंच खरं. कायदा इतका पुढे येऊन थांबला आहे. मराठी सिनेमा मात्र थांबलेला नाही. रोहन परशुराम कानवडे यांच्या 'साबर बोंडं'ला २०२५ च्या सनडान्स महोत्सवात जागतिक कथाचित्रपटांतलं सर्वोच्च पारितोषिक मिळालं. वडिलांच्या दहा दिवसांच्या सुतकात गावी आलेला मुलगा आणि त्याचा लहानपणचा मित्र. कुणी मरत नाही प्रेमामुळे, कुणाला घराबाहेर काढत नाहीत, आणि आई सगळं जाणून असते. कानवडे यांनी ही गोष्ट स्वतःच्या अनुभवातून काढली आहे आणि ते चौकटीचौकटीत जाणवतं. त्याआधी 'यू उषाचा' या लघुपटात त्यांनी शेतमजूर बाईला शाळेतल्या शिक्षिकेची लागलेली ओढ दाखवली होती. अक्षरं शिकण्याची इच्छा आणि त्या बाईंची ओढ यांत कोणती आधीची ते सांगता येत नाही.

दोन्ही गोष्टी खेड्यातल्या आहेत, हे मला पानशेतला राहून विशेष महत्त्वाचं वाटतं. 'हे शहरातलं फॅड' असं म्हणणाऱ्यांनी शनिवार-रविवारी धरणाच्या कडेला येऊन बसावं. पुण्याकडून गाड्यांची रांग लागते. मुलगा-मुलगी खोली मागायला आले की लॉजवाला दोघांना खालून वर न्याहाळतो, आधार कार्ड मागतो, लग्न झालंय का विचारतो. दोन मुली आल्या तर किल्ली पुढे सरकवतो. त्या मैत्रिणी असतात, बहिणी असतात, आणखी कुणी असू शकतात हे त्याच्या मनातही येत नाही. आणि हे सगळं बाहेरून येणाऱ्यांपुरतं नाही. वेल्ह्याच्या डोंगरातल्या वाड्या-वस्त्यांवरही लग्नाला नाही म्हणणाऱ्या मुली आहेत, जन्मभर एकमेकींच्या आधारानं राहिलेल्या बायका आहेत. गावानं त्यांना कधी हटकलं नाही, कारण गावानं त्यांना कधी नीट पाहिलंच नाही. या न दिसण्यात सुरक्षितता आहे आणि एकटेपणही. अशा आयुष्यावर चित्रपट करायचा तर तो बाहेरून आलेल्या सहृदय माणसापेक्षा त्या दोघींपैकी एकीनं करावा, असं मला मनापासून वाटतं. मोबाइलवर आज ते शक्य आहे. अडतं ते नावाच्या भीतीपाशी.

म्हणूनच या पुस्तकात मी एक पथ्य पाळलं आहे. ज्या कलावंतांनी स्वतःबद्दल जाहीरपणे सांगितलं, त्यांच्याबद्दलच मी तसं लिहिलं आहे. जुन्या नट्यांच्या मैत्रीवरून, न केलेल्या लग्नांवरून, एकत्र काढलेल्या छायाचित्रांवरून तर्क लढवणं सोपं आहे आणि खपाऊही आहे. ते मी केलेलं नाही. कुणाच्या मौनावर आपली इच्छा लादणं हा इतिहास नव्हे. त्यामुळे काही वाचकांना पुस्तकात जागा मोकळ्या वाटतील. त्या मुद्दाम मोकळ्या ठेवल्या आहेत.

साधनांची अडचण वेगळीच. मूकपटांतले बहुतेक गेले. फातमा बेगम यांनी १९२६ मध्ये केलेला 'बुलबुल-ए-परिस्तान', भारतातल्या स्त्री-दिग्दर्शिकेचा पहिला मानला जाणारा चित्रपट, आज पाहायला मिळत नाही. पुण्यात राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय १९६४ मध्ये सुरू झालं. त्याआधी जे हरवलं ते हरवलं. आमच्या पानशेतचं धरण १२ जुलै १९६१ रोजी फुटलं तेव्हा मुठेकाठच्या पेठांमधल्या घरांबरोबर ट्रंका, वह्या, फोटोही गेले. पण क्विअर आयुष्यांचे कागद बहुतांशी पुरानं नेले नाहीत, ते घरच्यांनी फाडले. आत्याच्या मैत्रिणीची पत्रं, नाटकातल्या काकांचे साडीतले फोटो हे कुणी मेल्यावर पहिल्याच आठवड्यात बंबात जातं.

तुमच्या घरी असं काही असेल तर ते जाळू नका. पत्र वाचून लाज वाटली तर बंद पाकिटात ठेवा, नाव झाका, पण ठेवा. जुन्या नाटकमंडळ्यांच्या जाहिराती, हौशी प्रयोगांच्या पत्रिका, लघुपटांच्या पेन ड्राइव्ह, सगळं उपयोगी आहे. आणि तुम्ही स्वतः नटी असाल, तुमच्याकडे सांगण्यासारखी स्वतःची गोष्ट असेल, तर हे पुस्तक तुमच्यासाठी आधीच्या बायकांनी केलेल्या कामाची नोंद म्हणून वाचा. पुढचं काम तुमचं आहे.

पानशेत, ता. राजगड (पूर्वीचा वेल्हे), जि. पुणे